तेहतीस फुटी साखळी आणि जॉर्ज वॉशिंग्टन

गटनंबर (धागाकर्ता):

जॉर्ज वॉशिंग्टन सेनापती होता, अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष होता, हे शाळेपासून माहीत असतं. त्याआधी तो फी घेऊन जमिनी मोजणारा सनदी मोजणीदार होता, ही गोष्ट चरित्रांत बहुधा दोन ओळींत उरकलेली असते. माझं म्हणणं असं, की त्याच्या सार्वजनिक आयुष्याचा पाया याच कामात आहे. विधिमंडळातली जागा, पॅरिशचं (चर्चच्या हद्दीतल्या स्थानिक विभागाचं) काम, गावाचं विश्वस्तपद आणि शेवटी राजधानीची जागा, यातलं प्रत्येक पाऊल मोजणीपाशी येऊन टेकतं.

थोडक्यात कालक्रम. जन्म १७३२, व्हर्जिनिया. वडील ऑगस्टिन १७४३ मध्ये वारले, त्यांच्या मालमत्तेत मोजणीची उपकरणं होती. शाळकरी वह्यांत भूमितीबरोबर मोजणीचे धडे उतरवलेले आहेत. सरावासाठी त्याने थोरला सावत्र भाऊ लॉरेन्सचं सलगमाचं शेत मोजलं. त्या नकाशावर तारीख आहे २७ फेब्रुवारी १७४७/८. मार्च १७४८ मध्ये, सोळाव्या वर्षी, जॉर्ज विल्यम फेअरफॅक्स आणि प्रिन्स विल्यम काउंटीचा मोजणीदार जेम्स जेन यांच्यासोबत तो ब्लू रिजच्या डोंगरापलीकडे गेला. हा दौरा सुमारे महिनाभराचा. २० जुलै १७४९ ला त्याने कल्पेपर काउंटीचा मोजणीदार म्हणून शपथ घेतली आणि दोनच दिवसांत ४०० एकरांची पहिली मोजणी केली. वय १७.

पुढच्या तीनेक वर्षांत जवळपास २०० मोजण्या झाल्या. गंमत म्हणजे कल्पेपरमधली ती पहिली आणि एकच. बाकी बहुतेक फ्रेडरिक काउंटी आणि तिच्या आसपासच्या, कारण नव्या जमिनी तिकडे सुटत होत्या.

जाणकारांनी भर घालावी. साखळी, होकायंत्र आणि क्षेत्रफळ काढण्याची रीत यावर कुणी नीट लिहिलं तर उत्तम.

---

तिरकस:

१७४७/८ म्हणजे काय? लिहिणाऱ्याला वर्ष आठवत नव्हतं?

---

गटनंबर:

इंग्लंड आणि तिच्या वसाहतींत १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे फेब्रुवारी महिना जुन्या हिशेबाने १७४७ मध्ये आणि आपल्या हिशेबाने १७४८ मध्ये, म्हणून दोन्ही आकडे. सप्टेंबर १७५२ मध्ये ११ दिवस गाळून नवं पंचांग लागू झालं. त्याचा जन्मही मुळात ११ फेब्रुवारी १७३१/२ चा, तो आज २२ फेब्रुवारीला पाळतात. जमिनीच्या जुन्या सनदा तारीखवार लावताना ही भानगड नडते. जानेवारी ते मार्चमधली मोजणी वर्षभर मागे पडते आणि सनद आधी, वॉरंट (मोजणीचा हुकूम) नंतर असं उलटं चित्र दिसतं.

---

साखळदार:

सतरा वर्षांच्या पोराला काउंटीचं पद मिळालं त्यामागे ओळख होती, हे आधी सांगून टाकू. पोटोमॅक आणि रॅपहॅनॉक नद्यांमधला ‘नॉर्दर्न नेक’ हा पन्नास लाखांवर एकरांचा पट्टा सहावे लॉर्ड थॉमस फेअरफॅक्स यांच्या खासगी मालकीचा. त्यांचा कारभारी त्यांचाच चुलतभाऊ विल्यम फेअरफॅक्स. या विल्यमची मुलगी अ‍ॅन ही लॉरेन्स वॉशिंग्टनची बायको. म्हणजे भावाच्या सासरकडून आलेलं काम. रीतसर नेमणूक विल्यम अँड मेरी कॉलेजकडून होत असे आणि मोजणीदाराच्या फीचा सहावा हिस्सा कॉलेजला जात असे.

आता कामाची पद्धत. नॉर्दर्न नेकमध्ये जमीन हवी असणारा लॉर्डच्या कचेरीत जाऊन अंदाजे जागा सांगायचा (अमुक ओढ्याच्या काठी, तमक्याच्या जमिनीला लागून). कचेरी मोजणीदाराच्या नावे वॉरंट काढायची. मोजणीदार जागेवर जाऊन मोजायचा, नकाशा आणि वर्णन तयार करून वॉरंटसोबत कचेरीत परत पाठवायचा. त्यावरून सनद निघायची. सनदेनंतर दर १०० एकरांना वर्षाला दोन शिलिंग सारा लॉर्डला द्यायचा.

जागेवर किमान चार माणसं: मोजणीदार, पुढचा साखळीवाला, मागचा साखळीवाला आणि झाडांवर खुणा करणारा. साखळीवाले शपथ घेतलेले असायचे आणि नकाशावर त्यांची नावं टाकली जायची. वाद कोर्टात गेला तर साक्ष त्यांचीच.

काम असं चालायचं. सुरुवातीचा कोपरा ठरवायचा, शक्यतो शेजाऱ्याच्या सनदेत आधीच नोंदलेलं झाड. तिथे एका काठीवर, जेकब स्टाफवर, होकायंत्र बसवायचं आणि दोन उभ्या पट्ट्यांच्या फटींतून पुढच्या खुणेवर नजर लावून कोन वाचायचा. कोन चौथाईत लिहितात: उत्तर ४० पूर्व, दक्षिण ५० पूर्व. मग त्या रेषेवर साखळी चालवायची. पुढच्याच्या हातात दहा लोखंडी सुया. प्रत्येक साखळीच्या टोकाला तो एक सुई रोवणार, मागचा ती उपटून घेणार. दहा सुया मागच्याच्या हातात आल्या की एक फेरी पूर्ण, वहीत खूण. कोपऱ्यापाशी झाडावर ठरलेल्या खाचा पाडायच्या, वाटेत रेषेवर येणाऱ्या झाडांची साल तासून वेगळ्या खुणा करायच्या. असं करत पहिल्या झाडापाशी परत यायचं.

हंगामही ठरलेला. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. पानगळीच्या जंगलात पालवी फुटली की नजर पन्नास पावलांपुढे जात नाही आणि प्रत्येक रेषेसाठी झाडं छाटत बसावं लागतं.

---

मोजणीदप्तर:

साखळदार यांनी साखळीची लांबी सांगितली नाही, आणि मजा तिथेच आहे.

एडमंड गुंटरची मूळ साखळी (१६२०) ६६ फुटांची, १०० कड्यांची. व्हर्जिनियाच्या जंगलात ती अडकायची, झाडाझुडपांतून ओढताना सरळ राहायची नाही. म्हणून तिकडे अर्धी साखळी चालायची, ५० कड्यांची, ३३ फुटांची. त्यांचं मोजमाप ‘पोल’मध्ये असे: १ पोल म्हणजे साडेसोळा फूट, म्हणून ही दोन-पोली साखळी. १६० चौरस पोल म्हणजे १ एकर.

आता आपल्याकडची साखळी आठवा. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ मध्ये इंदापूरपासून घडी बसवलेल्या मोजणीत जी साखळी वापरली ती ३३ फुटांचीच, फक्त भाग १६ आण्यांचे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे एक गुंठा. चाळीस गुंठे एकर. वॉशिंग्टनची एक चौरस साखळी म्हणजे ४ चौरस पोल आणि १६० भागिले ४ म्हणजे ४०. तो आयुष्यभर गुंठ्यांतच मोजत होता, हिशेब मात्र पोलांत लिहीत होता.

दोन्हीकडचं मूळ गुंटरचा एकर, त्यामुळे आकडे जुळणारच. पण त्याचे नकाशे वाचताना मराठी माणसाची सोय होते: नकाशावर लांबी पोलांत दिली असेल तर निम्मी करा, आपल्या साखळ्या मिळतील.

---

तिरकस:

म्हणजे आमच्या आजोबांच्या टिपणातला आकडा आणि वॉशिंग्टनच्या वहीतला आकडा एकाच मापाने. शेजाऱ्याने बांध कोरला तर दोघांनाही सारखंच दुखणार.

---

कोनमापी:

क्षेत्रफळाबद्दल. आज आपण उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम घटक काढून आकड्यांनी क्षेत्रफळ काढतो. वॉशिंग्टनच्या विद्यार्थीवहीत रीत वेगळी आहे: कोन आणि अंतरं कागदावर मापाने उतरवायची, बंद आकृती तयार झाली की तिचे त्रिकोण पाडायचे, पाया आणि उंची डिव्हायडरने कागदावरच मोजायची, गुणून निम्मं करायचं, सगळे त्रिकोण बेरजेला धरायचे. चौरस पोल आले की १६० ने भागायचं.

या रीतीत दोन धोके. पहिला, आकृती बंद होत नाही. शेवटची रेषा पहिल्या बिंदूच्या थोडी अलीकडे किंवा बाजूला पडते. आकड्यांनी हिशेब केला तर ती फट किती ते कळतं आणि सर्व बाजूंवर वाटून देता येते. कागदावर मात्र शेवटचा कोन आणि लांबी ‘जुळवून’ घेण्याचा मोह होतो. म्हणूनच जुन्या सनदांत शेवटच्या रेषेचं वर्णन कित्येकदा ‘तिथून सुरुवातीपर्यंत’ एवढंच सापडतं. दुसरा, कागद. दमट हवेत तो फुगतो, माप सरकतं.

उदाहरण म्हणून ४०० एकरांचा सरळ आयत घ्या, ३२० पोल लांब आणि २०० पोल रुंद. ३२० पोल म्हणजे बरोबर एक मैल. परिमिती १०४० पोल, म्हणजे ३३ फुटी साखळी ५२० वेळा टाकायची. सव्वातीन मैल चाल, तीही जंगलातून, ओढे ओलांडत. आता चुका मोजा:

एक साखळी मोजायची राहिली (सुई पाचोळ्यात हरवली, फेरीची खूण राहिली) आणि ती रुंदीच्या बाजूवर, तर नकाशावर ४ एकर कमी. लांबीच्या बाजूवर राहिली तर अडीच एकर.

होकायंत्र अर्ध्या अंशाने चुकीचं वाचलं, तर एका मैलावर टोक ४६ फूट बाजूला जातं. त्या पाचरीचं क्षेत्र पावणेतीन एकरांच्या घरात.

साखळी झिजली. कड्या आणि जोडवळी मिळून दीडशे-दोनशे घासणाऱ्या जागा. प्रत्येकी इंचाचा दोनशेवा भाग झिजला तरी साखळी जवळपास इंचभर लांबते. लांबलेली साखळी कमी मोजते. कागदावर ४०० लिहिलेली जमीन प्रत्यक्षात ४०२ एकर भरते, आणि सारा ४०० चाच. याची तक्रार घेणाऱ्याने कधी केली नसेल.

उतार. साखळी जमिनीलगत टाकली तर १० अंशांच्या चढावर ३३ फुटांचे आडवे साडेबत्तीस होतात, २० अंशांवर ३१. म्हणून चढावर तुकड्या-तुकड्याने साखळी आडवी ताणून धरतात आणि टोक ओळंब्याने खाली आणतात. ब्लू रिजच्या उतारावर हे किती इमानदारीने झालं असेल, अंदाज करा.

---

साखळदार:

आणि लोखंड. साखळी होकायंत्राच्या पायाशी गोळा करून ठेवली तरी सुई ढळते. खुणा करणाऱ्याची कुऱ्हाड, खोगिराचं सामान, जमिनीतलं लोहखनिज, सगळं सारखंच. उपाय सोपा: पुढच्या टोकाला पोचल्यावर मागे वळून उलट कोन वाचायचा. जाताना उत्तर ४० पूर्व असेल तर वळून दक्षिण ४० पश्चिम यायलाच हवा. नाही आला तर दोनांपैकी एका ठिकाणी सुई ओढली जातेय. घाईत हे उलट वाचन टाळलं जातं आणि चूक पन्नास वर्षांनी शेजारी भांडायला लागल्यावर वर येते.

---

ओढ्याकाठचा:

पैशाची बाजू राहिली. त्या काळातल्या एका पत्रात तो लिहितो की हवा बरी असेल त्या दिवशी एक डबलून हमखास सुटतो, कधी सहा पिस्तोल. दोन्ही स्पॅनिश सोन्याची नाणी, व्हर्जिनियात तेव्हा हीच खेळती. तरुण पोराला ही कमाई भरपूर होती, आणि त्याने ती जमिनीत घातली. १७५० मध्ये बुलस्किन क्रीकवर पहिली खरेदी, आणि थोड्याच काळात तिथल्या जमिनी १४५० एकरांच्या वर.

इथे मोजणीदाराचा खरा फायदा दिसतो. कुठली जमीन पाणथळ, कुठे अक्रोड वाढलाय (म्हणजे खाली कसदार माती), कोणाच्या सनदा अजून अर्धवट आहेत, हे त्याला कचेरीच्याही आधी कळतं. हे तेव्हा बेकायदा नव्हतं. आज त्याला काय म्हणाल ते म्हणा.

---

गटनंबर:

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे, म्हणजे सार्वजनिक जीवनाकडे.

१७५८ मध्ये तो व्हर्जिनियाच्या विधिमंडळावर निवडून आला, तो फ्रेडरिक काउंटीतून. त्याचं घर तिथे नव्हतं, त्याच्या मोजण्या तिथे होत्या आणि जमीन होती. १७५५ मध्ये तिथेच तो निवडणुकीत पडला होता. मताचा अधिकार जमिनीवर: १०० एकर पडीक, किंवा घर असलेली २५ एकर लागवडीची जमीन. मत तोंडी, सगळ्यांसमोर. म्हणजे मतदारयादी ही एका अर्थाने सनदांची यादी, आणि त्यातल्या बऱ्याच सनदांमागचे नकाशे याच्या हातचे. निवडणुकीच्या दिवशी तो स्वतः फोर्ट कंबरलंडला पलटणीसोबत होता. तरी तीनशेवर मतं घेऊन पहिला आला. मतदारांसाठी त्याच्या वतीने सुमारे १६० गॅलन रम, पंच, वाइन, बिअर आणि सायडर वाटली गेली, हेही सांगायला हवं. सगळं श्रेय साखळीला देण्यात अर्थ नाही.

१७६२ मध्ये तो ट्रूरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर आला, १७६८ मध्ये फेअरफॅक्स काउंटीचा जस्टिस (स्थानिक न्यायाधीश) झाला. व्हेस्ट्री म्हणजे निव्वळ चर्चची समिती नव्हे. गरिबांची सोय, अनाथ मुलं, स्थानिक कर, सगळं तिच्याकडे. आणि एक काम थेट आपल्या विषयाचं: दर चार वर्षांनी पॅरिशमधल्या सगळ्या हद्दी पायी फिरवून घ्यायच्या.

---

मोजणीदप्तर:

या हद्दफेरीवर थोडं अधिक, कारण यातून पुष्कळ शिकण्यासारखं आहे. व्हेस्ट्री पॅरिशचे विभाग पाडून प्रत्येकावर दोन-तीन जाणती माणसं नेमायची. ती शेजारीपाजारी घेऊन थंडीच्या दिवसांत हद्दीवरून चालायची. झाडांवरच्या खुणा बुजत आल्या असतील तर पुन्हा ताज्या करायच्या. कुणी हरकत घेतली तर तसं लिहून आणायचं. एखादी हद्द लागोपाठ तीन फेऱ्यांत बिनहरकत फिरली, की ती कायम. नंतर मूळ मोजणीत चूक होती म्हणून ओरडून उपयोग नाही.

कारण उघड आहे: झाड मरतं. आपल्याकडे दगड रोवला, बांध राखला. तिकडे पांढरा ओक आणि हिकरीचं झाड. ओक पडला, कुजला की कोपरा गेला. दर चार वर्षांनी माणसांच्या पायांनी आणि आठवणीने हद्द जिवंत ठेवणं हा त्यावरचा स्वस्त उपाय. नवी मोजणी करायची तर फी, साखळीवाले, जेवणखाण.

पुरावा जुळत नसेल तर मानाचा क्रमही ठरलेला आहे: नदी, डोंगरधार यांसारखी नैसर्गिक खूण आधी, मग झाडावरची किंवा रोवलेली खूण, मग कोन, मग अंतर, आणि क्षेत्रफळ सर्वांत शेवटी. ‘माझ्या कागदावर चारशे एकर आहेत, भरून द्या’ हे सर्वांत लंगडं म्हणणं. सातबारावरच्या क्षेत्रासाठी भांडणाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटेल.

---

शहरनकाशा:

अलेक्झांड्रियाबद्दल एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण जालावर सर्रास ‘वॉशिंग्टनने अलेक्झांड्रिया शहर आखलं’ असं फिरतं. १७४९ मध्ये विधिमंडळाने पोटोमॅकच्या काठी ६० एकरांवर गाव वसवायला मंजुरी दिली. आखणी केली जॉन वेस्ट धाकटे यांनी. अर्ध्या एकराचे ८४ भूखंड, जुलैत लिलाव. वॉशिंग्टनच्या हातचा नकाशा आहे, पण तो त्या आखणीवरून उतरवलेला, सोबत भूखंड घेणाऱ्यांची नावं आणि किमती. आखणारा वेगळा, नकाशा काढणारा वेगळा. पुढे त्याने स्वतः तिथे भूखंड घेतले, घर बांधलं आणि गावाच्या विश्वस्तांत तो बसला.

अर्ध्या एकराचा भूखंड म्हणजे २० गुंठे, हे मोजणीदप्तर यांच्यासाठी. ८४ भूखंडांचे ४२ एकर झाले, बाकी १८ रस्ते आणि सार्वजनिक जागा. तीस टक्के मोकळी जागा, अठराव्या शतकात. आजच्या कुठल्याही लेआउटशी ताडून पाहा.

---

ओढ्याकाठचा:

गौरवाच्या ओघात कानावा नदीकाठच्या जमिनींचं प्रकरण विसरू नका.

१७५४ मध्ये गव्हर्नर डिनविडींनी सैन्यभरतीसाठी २ लाख एकरांचं आमिष दाखवलं होतं. पंधरा वर्षांनी, १७६९ मध्ये, वॉशिंग्टनने पाठपुरावा करून ते मंजूर करून घेतलं. अट अशी की सगळं मिळून वीसपेक्षा जास्त तुकडे नकोत. म्हणून तुकडे अवाढव्य. मोजणीदार म्हणून विल्यम क्रॉफर्ड, वॉशिंग्टनचाच माणूस. १७७० च्या शरदात वॉशिंग्टन स्वतः ओहायो नदीतून कानावापर्यंत जाऊन जमिनी पाहून आला. पुढे कानावावरच्या आठ तुकड्यांच्या नकाशातल्या ६४,०७१ एकरांपैकी १९,३८३ एकर एकट्या वॉशिंग्टनच्या नावे झाले. त्यातला १०,९९० एकरांचा एक तुकडा नदीकाठाला चिकटून लांबच लांब पसरलेला आहे.

व्हर्जिनियाचा नियम असा होता की तुकड्याची रुंदी लांबीच्या निदान एक तृतीयांश असावी. नाहीतर जो तो काठची गाळाची जमीन उचलणार आणि मागचा खडकाळ डोंगर लॉर्डच्या किंवा राजाच्या गळ्यात राहणार. नदी, दलदल यांसाठी सवलत होती आणि सवलतीची दारं किती रुंद उघडायची हे मोजणीदाराच्या पेन्सिलीवर. बाकीचे सैनिक कुरकुरले, त्यात नवल नाही. जॉर्ज म्यूज नावाच्या जुन्या अधिकाऱ्याने तक्रार केली तेव्हा १७७४ मध्ये वॉशिंग्टनने त्याला सणसणीत पत्र पाठवलं: तुला तुझे पूर्ण दहा हजार एकर मिळालेत.

---

नकाशाबाहेरचे:

आणि ही सगळी जमीन रिकामी नव्हती. ओहायोच्या खोऱ्यात शॉनी, डेलावेअर, मिंगो लोक राहत होते, शिकार करत होते. १७६३ मध्ये राजाच्या जाहीरनाम्याने अ‍ॅपलेशियन डोंगरापलीकडे वसाहत करायला बंदी घातली. वॉशिंग्टनने १७६७ मध्ये क्रॉफर्डला लिहिलं की हा जाहीरनामा म्हणजे इंडियन (म्हणजे तिथल्या मूळनिवासी) लोकांची मनं शांत करण्याचा तात्पुरता उपाय आहे, आणि हे आपल्या दोघांतच ठेव. बंदी असताना चांगल्या जमिनी शोधून खुणा करून ठेवायला सांगणारं ते पत्र आहे.

मोजणी म्हणजे तटस्थ तंत्र असं आपण समजतो. झाडावर पहिली खाच पडली की शिकारीची वाट ही कोणाची तरी हद्द होते. आणि पुढे त्या शेतांवर राबायला गुलाम. १७९९ मध्ये माउंट व्हर्ननवर, म्हणजे त्याच्या राहत्या शेतवाडीवर, तीनशेहून जास्त गुलाम होते. पाच शेतांच्या त्याच्या सुबक नकाशात त्यांची नावं नाहीत, एकर आहेत.

---

गटनंबर:

सहमत. धाग्यात हे यायलाच हवं होतं.

एक मात्र: त्याच्या कामाचं मोल आणि त्या कामाचा परिणाम या दोन्ही गोष्टी एकाच नकाशावर दिसतात, म्हणून तर तो वाचायचा. स्वातंत्र्ययुद्धात त्याला नकाशांचा तुटवडा जाणवला तो याच डोळ्यामुळे. १७७७ मध्ये रॉबर्ट अर्स्किन यांची सैन्याचे भूगोलतज्ज्ञ आणि मोजणीदार म्हणून नेमणूक झाली. १७८० मध्ये अर्स्किन वारल्यावर ते काम सिमियन डी विट यांच्याकडे गेलं. युद्धानंतर, १७८५ मध्ये, वॉशिंग्टन पोटोमॅक कंपनीचा पहिला अध्यक्ष झाला. नदीतले धबधबे टाळणारे कालवे काढून पश्चिमेकडच्या जमिनी बंदराला जोडायच्या, ही योजना. त्याच्या स्वतःच्या जमिनींची किंमतही त्यानेच वाढणार होती, हे ओढ्याकाठचा सांगतीलच.

---

ओढ्याकाठचा:

सांगण्याचे कष्ट वाचवलेत. धन्यवाद.

---

शहरनकाशा:

राजधानी. जानेवारी १७९१ च्या घोषणेने दहा मैल बाजूचा चौरस ठरला, कोपरे बरोबर उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम दिशांना, म्हणजे बाजू ४५ अंशांत तिरप्या. मोजणी अँड्र्यू एलिकॉट यांची, सुरुवातीची खगोलीय निरीक्षणं बेंजामिन बॅनेकर यांची. १५ एप्रिल १७९१ ला अलेक्झांड्रियाजवळ जोन्स पॉइंटला पहिला दगड. रेषेच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस फूट जंगल तोडलं आणि मैलामैलावर मिळून ४० दगड रोवले.

इथे तंत्रातला फरक पाहा. वॉशिंग्टनच्या तरुणपणी सगळं चुंबकीय सुईवर. एलिकॉटने दिशा ताऱ्यांवरून ठरवली, म्हणजे खरा उत्तर ध्रुव, सुईचा नव्हे. तरीही नंतर मोजलं तेव्हा दोन बाजू दहा मैलांपेक्षा सुमारे २३० आणि २६० फुटांनी जास्त भरल्या. टक्केवारीत अर्धा टक्काही नाही. तरी कोनमापी यांच्या झिजलेल्या साखळीची चूक लांबीत पाव टक्का होती, म्हणजे ही तिच्या जवळपास दुप्पट.

शहराची आखणी फ्रेंच अभियंता लांफां यांची. नोव्हेंबर १७९१ मध्ये त्यांनी रस्त्यात येतंय म्हणून डॅनियल कॅरल यांचं बांधकाम सुरू असलेलं घर पाडलं. फेब्रुवारी १७९२ मध्ये ते कामावरून गेले. राष्ट्राध्यक्षाला रस्त्याची रेषा कळत होती आणि जमीनमालकाची हद्दही.

---

तिरकस:

आज कोणी त्याच्या १७५० च्या नकाशावरून हद्द शोधायला निघालं तर सापडेल का? झाडं तर गेली.

---

कोनमापी:

सापडते, पण क्रम चुकवून चालत नाही.

आधी शेजारच्या सगळ्या सनदा काढून कागदावर एकमेकींना लावून पाहायच्या. एकटी सनद तरंगत राहते, आठ-दहा जोडल्या की ओढे आणि रस्ते जुळायला लागतात. नैसर्गिक खुणा पहिल्यांदा: ओढ्यांचे संगम फारसे हलत नाहीत, प्रवाह मात्र हलतो, तेव्हा संगम धरा, काठ धरू नका.

मग कोन वळवून घ्यायचे. चुंबकीय उत्तर दर वर्षी थोडं सरकतं, त्यामुळे १७५० चा ‘उत्तर ४० पूर्व’ आजच्या सुईवर तसाच लावला तर मैलामागे शेकडो फूट सहज चुकतं. त्या साली त्या भागात सुईचा ढळ किती होता ते तक्त्यांवरून काढायचं, आणि त्याहून चांगलं म्हणजे नकाशातली एखादी अजून टिकलेली रेषा (जुनी कुंपणाची दगडी भिंत, जुना रस्ता) मोजून फरक थेट काढायचा. दुसऱ्या रीतीत त्या मोजणीदाराच्या होकायंत्राची स्वतःची खोडही आपोआप वजा होते.

तसंच साखळीचं. एक सापडलेली बाजू आजच्या यंत्राने मोजा आणि कागदावरच्या पोलांशी गुणोत्तर काढा. हजार फुटांना पाच फूट जास्त निघत असेल तर साखळी लांबलेली, सगळ्या बाजूंना तेच गुणोत्तर लावा. गुणोत्तर बाजूगणिक बदलत असेल तर दोष साखळीचा नाही, उताराचा किंवा साखळीची सुई चुकल्याचा. दहा साखळ्यांचा फरक दिसला तर फेरीची एक खूण राहिली म्हणून समजा.

वॉशिंग्टन स्वतः हे म्हातारपणी करत होता. एप्रिल १७९९ मध्ये फोर माइल रनवरची स्वतःची सुमारे १२०० एकर जमीन त्याने पुन्हा मोजून काढली आणि जुनी खुणेची झाडं शोधली. नोव्हेंबरमध्ये डिफिकल्ट रनवरची जमीन मोजली, मृत्यूच्या पाच आठवडे आधी. वय ६७. शेजाऱ्यांनी लाकूडतोड करत हद्दीत शिरणं हे तेव्हाही चालूच होतं.